आरशावर वाफ धरेना

ड्रिल दातात असतानाच म्हात्रे झोपले. जबडा मिटायला लागला तसा मी हात मागे घेतला. डेंटिस्टच्या खुर्चीत माणसं घाबरतात, हात घट्ट धरतात, एकानं तर मला चावलंही होतं. पण भर दुपारी, रूट कॅनाल चालू असताना झोपलेला पेशंट मी तोवर पाहिला नव्हता.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. कोपरखैरण्यात माझा दवाखाना नवा होता. वामन म्हात्रे तिथल्या गावातलेच. तुर्भ्याच्या एका कारखान्यात माल उचलणारी फोर्कलिफ्ट चालवायचे.

ते घोरू लागले. मग घोरणं एकदम थांबलं. छाती हलत होती, पण श्वासाचा आवाज नव्हता. दात बघायचा छोटा आरसा मी त्यांच्या नाकाखाली धरला. काचेवर वाफ धरेना. मी मनात आकडे मोजत होते. अठराला त्यांनी जोरात आचका दिला आणि डोळे उघडले.

"झालं काय, मॅडम?"

"नाही झालं. रात्री झोप नाही का झाली?"

"नऊ तास झोपलो."

बाहेर त्यांच्या पत्नी सुमनताई बसल्या होत्या. त्यांना आत बोलावून विचारलं, "झोपेत यांचा श्वास थांबतो का?"

त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं. "थांबतो ना. रातभर थांबतो. मी कोपरानं ढोसते, मंग चालू व्हतो."

"मग तुम्ही झोपता कधी?"

"हे कामावर गेले का."

"किती दिवस चाललंय हे?"

"धाकटी झाली तवापासून. आता चौथीत हाय ती."

म्हात्रे उठून बसले. "मला कदी बोलली नाय तू?"

"कवा बोलनार? तुमी तर झोपलेलं."

बोलता बोलता सुमनताईंना रडू आलं. म्हात्र्यांनी गळ्यातला कागदी नॅपकिन काढून त्यांच्या हातात दिला. तो ओला होता, पण त्यांनी घेतला.

मी पुन्हा नीट तपासलं. जाड मान, अरुंद घसा, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे. सकाळी तोंड कोरडं, डोकं जड. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते आणि श्वासाची वाट बंद होते. मेंदू क्षणभर जागं करतो, वाट उघडते. रात्रभर हेच चालतं आणि माणसाला आठवत काहीच नाही. याला स्लीप अॅप्निया म्हणतात.

मग म्हात्र्यांनी खाली मान घालून सांगितलं, कामावर झोपल्याबद्दल दोन मेमो मिळालेत. गेल्या आठवड्यात फोर्कलिफ्ट रॅकवर गेली. समोरचा माणूस थोडक्यात वाचला. आता नोकरी जाणार.

मी कारखान्यात त्यांच्या सुपरवायझरना फोन लावला.

"मॅडम, तुम्ही दातांच्या डॉक्टर ना?"

"हो. घशाकडे रस्ता तोंडातूनच जातो."

"अहो, तो पितो!"

"तासभर त्यांच्या तोंडावर वाकले होते मी. वास आला असता."

"मग करू काय मी?"

"तपासणी होईपर्यंत फोर्कलिफ्टवर बसवू नका. स्टोअरमध्ये काम द्या. पण काढू नका."

वाशीच्या एका फिजिशियननी त्यांना मुंबईला पाठवलं. झोपेची तपासणी तेव्हा मोजक्याच ठिकाणी व्हायची. निदान पक्कं झालं. नाकावर मास्क लावून हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं मशीन मिळालं, पण त्यात चार महिने गेले. तेवढे दिवस सुमनताई जाग्याच होत्या.

मशीन आल्यावर आठवड्यानं त्या एकट्याच दवाखान्यात आल्या.

"पहिल्या राती मी जास्तच घाबरले, मॅडम. आवाजच नाय. सारखी छातीवर हात ठेवून बघत होते. काल मात्र डोला लागला तो सकाली आठला उघडला. पोरगी आपली आपन वेनी घालून शालेत गेली."

म्हात्रे पुढे पुन्हा फोर्कलिफ्टवर गेले. त्यानंतर एकही मेमो मिळाला नाही.

तेव्हापासून नव्या पेशंटच्या केसपेपरवर मी झोपेचा एक प्रश्न घातला आहे. तो पेशंटला विचारत नाही. त्याला काय माहीत असणार? सोबत आलेल्या माणसाला विचारते.