शेवटच्या खोलीतला तास

तत्त्वज्ञान विभागाच्या बाई दर गुरुवारी दुपारी शेवटच्या खोलीत पडदे ओढून मेलेल्यांशी बोलतात, अशी आमच्या महाविद्यालयात कुजबुज होती. प्रश्न विचारतात, थांबतात, मग म्हणतात, "बरोबर." कँटीनवाल्याने तर उत्तर देणारा आवाजही ऐकला होता. पण त्याच्या कानांचं काय, दोन चहा सांगितले की त्याला चार ऐकू यायचे.

बाईंचा जन्म तर्कशास्त्र शिकवण्यात गेला होता. उतारवयात त्यांच्या मनाने घेतलं की ज्या थोर तत्त्वज्ञांचे आपण गोडवे गातो, त्यांतले कितीतरी फावल्या वेळी ग्रहांची गणितं मांडत होते, शिशाचं सोनं करायला बसत होते, मेलेल्यांशी बोलू पाहत होते. ती पानं आपण गाळतो. का गाळतो, तेही शिकवायला हवं.

विभागप्रमुखांना सगळे पुरावासाहेब म्हणत. चहात साखर आहे, यालाही ते पुरावा मागत.

"बाई, आपण विचार शिकवतो. ताईत बाजारात मिळतात."

"ताईत बांधणाऱ्यानेही काही विचार केलाच असेल ना, सर?"

"घ्या मग तास. सत्र संपेपर्यंत एक तरी विद्यार्थी नाव घालू दे. नाहीतर विषय बंद."

खोली मिळाली ती मोडके बाक ठेवायची. नाव कुणी घालेना. तत्त्वज्ञानाची मुलं साहेबांना भीत, बाकीची भुतांना. बाईंना याचं काय वाटत होतं, ते कळायला मार्ग नव्हता. घरी थोरली बहीण विचारायची, "आज भेटलं का गं कुणी? आई भेटली तर विचार, माझ्या बांगड्या कुठे ठेवल्यात." बाई ताट पुढे ओढून जेवायला लागत.

सत्र संपत आलं आणि एक मुलगी नाव घालायला आली. मी तेव्हा दाराशीच होतो; ऐकायला नव्हे, माझ्या तासासाठी खडू मागायला.

"इथे आईशी बोलता येईल ना?" तिने विचारलं. "मी भांडून घराबाहेर पडले होते. परत गेले तर ती नव्हतीच."

बाईंनी नुसतं 'बस' म्हटलं असतं तरी विषय वाचत होता.

"इथे बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "बोलता येतं असं ज्यांना वाटलं, त्यांनी काय लिहिलं ते आपण वाचतो."

"पण खरंच येतं की नाही?"

"मला माहीत नाही."

"मग उपयोग काय?"

"तुला आत्ता काही नाही."

मुलगी गेली. बाईंनी फळा पुसला आणि मला खडू दिला.

विषय बंद झाला, मोडके बाक परत आत आले, बाई तर्कशास्त्राकडे वळल्या. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी छेडलं, "बाई, भुतं कुठे गेली हो?"

"हजेरी कमी पडली त्यांची," म्हणून बाईंनी चष्मा पुसला.

त्या खोलीत कधी कुणी नव्हतं. तोंडावर ऊन यायचं, म्हणून पडदे ओढलेले असत. वेळापत्रकात तास होता, म्हणून बाई रिकाम्या बाकांना शिकवत होत्या.