मांडीवरचं ताक

ही वही कधी कुणी वाचलीच तर माझं वाईट अक्षर आणि शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात. शाळा चौथीतच सुटली.

माझ्या मोठ्या बहिणीकडून पैसे उसने घेऊन मिस्टरांनी विजेवरची गाडी टॅक्सीला घेतली. पुढे गाडीत नवीन अपडेट आलं. आता ॲक्सिलेटरवरून पाय उचलला की ब्रेक न दाबताच गाडी गचका देऊन थांबायची. हे खूश होते, पण गिऱ्हाइकं मळमळतंय म्हणून तक्रार करू लागली आणि भाडी कमी झाली. बहिणीचे पैसे कसे फेडायचे, याचा मला घोर लागला.

रविवारी मंडईजवळ तिच्या घरी निघालो. माझ्या मांडीवर ताकाचा डबा होता. दोन सिग्नलांत साडी भिजली.

मी हळूच म्हटलं, "अहो, पाय जरा सावकाश उचला ना."

"आता तू मला गाडी शिकवणार?"

"मी कुठे? ताक शिकवतंय."

ते हसले. मग आठवडाभर रोज सकाळी मी पाण्याने भरलेला डबा घेऊन शेजारी बसले. थेंबही सांडेना, तेव्हा तक्रारी थांबल्या.

हे म्हणतात, अपडेटनंतर चार्जिंग जास्त पुरतं. ते खरं आहे, पण आधी पायाला नवी सवय लावावी लागली.

परवा बहिणीच्या हातात शेवटचे पैसे ठेवले. आता तिचं काही देणं उरलं नाही.