रेनकोट सॉफ्टवेअरचा शेवटचा खेळ

आमच्या जयप्रकाशांना कुणी काय करता विचारलं, तर "शुऐबाला प्लांटवर इन्स्ट्रुमेंटेशन बघतो" एवढंच उत्तर मिळतं. इथे कुवेतमध्ये, रिग्गईतल्या फ्लॅटचा एसी स्वतः धुणारा, शुक्रवारी बारापर्यंत लोळणारा हा माणूस कधीकाळी विलायती कंपनीसाठी कॉम्प्युटरचे खेळ लिहायचा, यावर बायको असून माझाही कित्येक वर्षं विश्वास नव्हता.

खेळ म्हणजे एकच. नाशिकला, कॉलेज संपल्यावर, मित्राच्या टीव्हीला जोडायच्या कॉम्प्युटरवर लिहिलेला. गोदावरीला पूर आलाय आणि एक नावाडी घाटावरच्या लोकांची भांडीकुंडी वाचवतोय, असा. तेव्हा असे खेळ साध्या, गाण्यांच्या असतात तसल्या कॅसेटवरच ठेवायचे. एक कॅसेट घरी राहिली, दुसरी पोस्टाने लीड्सला गेली, रेनकोट सॉफ्टवेअरकडे. ही कंपनी दोन भावांनी चपलांच्या दुकानाच्या माळ्यावर काढलेली. आधी तिथेच कॅसेटी भरून विकायचे, मग झकास ऑफिस, मासिकांत पानभर जाहिराती आणि पाठोपाठ दिवाळं. खेळ त्यांना आवडला. त्यांनी गोदावरीचा कालवा केला, नावाड्याला हॅट घातली, 'कॅनल कॅपर्स' असं बारसं करून जाहिरातही दिली, आणि कॅसेट बाजारात यायच्या आत कंपनीला टाळं लागलं. जयप्रकाश नोकरीला कुवेतला आले. विषय संपला.

संपला कसला! यंदा त्यांना इंटरनेटवर त्या कंपनीचा इतिहास सापडला. तिकडच्या एका निवृत्त मास्तरांनी खपून लिहिलेला. शेवटच्या खेळापुढे म्हटलं होतं: फक्त जाहिरात झाली, खेळ पूर्ण झालाच नाही. म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

ह्यांचं जेवणातलं लक्ष उडालं. "पूर्ण झाला होता, लीना. शेवटच्या पायरीपर्यंत मी स्वतः खेळलोय."

"अहो, मग मला काय सांगता? त्यांना कळवा."

कळवलं. मास्तर भले निघाले. तुमच्यावर अविश्वास नाही, म्हणाले, पण चालणारी प्रत हवी. मिळाली की त्याच दिवशी मजकूर बदलतो आणि तुमचं नाव घालतो.

"डॅड, हू केअर्स? इट्स अ डेड कंपनी," आमची क्षितिजा म्हणाली. एवढी घोडी झाली, तरी तिला एक धपाटा घालावासा वाटला. जन्मभर दुसऱ्यांच्या प्लांटमधली मीटरं नीट ठेवणाऱ्या माणसाने एक गोष्ट स्वतःची केली होती, आणि जगाच्या लेखी ती झालीच नव्हती. मला त्याचं फार वाईट वाटत होतं.

नाशिकला माझ्या दिरांनी, आलोकभावजींनी, जुनं कपाट उपसलं. कॅसेट मिळाली! वर इंग्रजीत खेळाचं नाव, अक्षर जयप्रकाशांचं. सुट्टीवरून परतणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर, चिवड्याच्या पिशवीतून ती आमच्याकडे पोचली. फरवानियातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून टेपरेकॉर्डर आणला. कॅसेट वाजवा, जो आवाज येईल त्यातच खेळ असतो, तो आवाज फोनवर भरून पाठवा, बाकीचं मी बघतो, असं मास्तरांनी सांगितलं होतं.

शुक्रवारी जेवणं उरकून बसलो. बटण दाबलं आणि कानठळ्या बसवणारी किरकिर सुरू झाली. जयप्रकाश एकदम ताठ बसले. "हाच! हाच तो!" त्यांचा तसा चेहरा मी क्षितिजाच्या जन्मानंतर पाहिला नव्हता.

खट्ट झालं आणि किरकिर तुटली.

"जयू, ऐकू येतंय का रे?"

या माझ्या सासूबाई, गंगूबाई. आमच्या लग्नाआधीच त्या गेल्या. मी त्यांना फोटोतच पाहिलेलं. त्या काळी आखातातल्या मुलांना घरचे असे कॅसेटवर बोलून निरोप पाठवायचे, कुणी येणारं असलं की त्याच्याबरोबर. या कॅसेटला येणारं कुणी मिळालं नाही, आणि तेवढ्यात सासूबाईच राहिल्या नाहीत.

"नवी कशाला आणायची? ही तुझ्या खणात पडली होती. लावून बघितली तर नुसती किरकिरते, बिघडलीय वाटतं. म्हटलं हिच्यावरच बोलावं."

जयप्रकाशांनी टेप थांबवला, कॅसेट काढून उलटसुलट पाहिली. तिच्या कडेचे प्लास्टिकचे दोन तुकडे शाबूत होते. ते मोडले की वर दुसरं काही भरता येत नाही. पण आमच्याकडे ते कोण मोडतो? कॅसेट उद्या दुसऱ्या कामाला येते ना!

"मोडायला हवे होते," एवढंच म्हणाले.

मला तर असा संताप आला! पण काढायचा कुणावर? मेलेल्या सासूवर?

मास्तरांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. वर भरलं की खालचं परत येत नाही. फार वाईट वाटतं, पण तो मजकूर आहे तसाच ठेवावा लागेल.

ते वाचून जयप्रकाश उठले आणि त्यांनी कॅसेट पुन्हा लावली. सासूबाई बोलत होत्या. आलोकची परीक्षा, शेजारच्यांचं लग्न, गुडघे.

"आणि जयू, रात्र रात्र जागून तो खेळ करायचास, तो झाला का रे पुरा? का राहिला तसाच? मला बाई त्यातलं काही कळत नाही, पण अर्धवट टाकू नकोस हो."

जयप्रकाश टेपरेकॉर्डरवर वाकले.

"झाला होता गं, आई," ते म्हणाले.

टेप फिरत होती. सासूबाई लोणच्याचं सांगू लागल्या होत्या.