पुतळाबाईनं कापलेली काणी

तेरच्या शिवाराला लागून एका खाजगी विद्यापीठानं तीस एकर रान घेतलंय. इमारती पुण्याच्या अंगाला. इथं नुसतं ज्वारीवरचं संशोधन. बारावीच्या पोरांनी शिकाय यावं म्हणून विद्यापीठ दरसाल माहितीपुस्तक काढतं. गेल्या साली त्यात आमच्या गल्लीतल्या पुतळाबाईचा फोटू आला. फोटूमागचं पुस्तकात न्हाय, म्हणून सांगतो.

पुतळाबाईचा नवरा जाऊन अकरा वर्सं झाली. एकुलती लेक श्रावस्ती बेंगलोरला नोकरीला. आयतवारी तिचा फोन येतो, जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढंच. सांजच्याला बुद्धाच्या फोटूम्होरं मेणबत्ती लावली की पुतळाबाईचं त्या दिवसाचं बोलणं संपलं. म्हणून विद्यापीठाच्या रानात ती रोजगाराला सगळ्यांच्या आधी यायची आन् सगळ्यांच्या मागं जायची. मुकादम गोरोबा म्हणायचा, बाई, अंथरूण हितंच आणा की.

फोटूच्या दोन वर्सं आधी तुळजापूरच्या पुजाऱ्याचं पोरगं तिथं संशोधनाला आलं. कैवल्य. पहिल्याच दिवशी लिंबाखाली त्यानं तिच्या फडक्यातली भाकर मागितली. तिनं जरा त्याच्याकडं बघितलं, मग दिली. तवापसनं दुपारची भाकर दोघांची. ती बडबडायची, तो ऐकायचा. शेपूची भाजी त्याला आवडत न्हाय हे श्रावस्तीलाबी फोनवर कळलं होतं. जूनला त्याचं काम संपणार, ह्याचा विषय मात्र दोघं काढत नव्हते.

त्याचा अभ्यास काणीचा. कणसात दाण्याच्या जागी काळी पूड भरते, तो रोग. त्यानं मुद्दाम रोग लावून ज्वारी पेरलेली. कुठल्या वाणाला किती काणी लागती, हे मोजायचं होतं. पण रोगाचा अभ्यास म्हंजे रोग घालवायचा, असंच पुतळाबाई धरून चालली.

जानेवारीत त्याच्या बहिणीचं, जाईचं, लगीन निघालं. तो चार दिवस तुळजापूरला गेला आन् नेमकी तवाच बारावीची पोरं रान बघाय येणार होती. माहितीपुस्तक करणाऱ्या चैताली मॅडम आदल्या दिवशी आल्या आन् रान जरा नीट दिसू द्या म्हणून गेल्या. पुतळाबाईनं विळा घेतला. काणीची, खोडकिड्याची, आडवी पडलेली, सगळी ताटं बुडातनं कापली. काणीची कणसं पूड सांडू न देता फडक्यात बांधली, उकळत्या पाण्यात बुडवायला. तिची आयबी असंच करायची. दुसऱ्या दिवशी पोरं आली, फोटू निघाला, मॅडम खूश.

कैवल्य आला आन् बांधावरच बसला.

"मावशी, माझं सगळं रान कापलंत तुम्ही."

"रोग काढला रं बाबा."

"तोच मोजायचा होता."

पुतळाबाईनं विळा खाली ठेवला. "दोन वर्सं एका फडक्यात जेवलाव आपण. रोग जपायचा असतो, हे एकदा तरी बोललास का?"

त्यानं सरांना फोन लावला. सर म्हणाले, रानात उरलेलं कुठलं धसकट काणीचं आन् कुठलं किड्याचं, हे कळल्याबिगर उपयोग न्हाय. पुढच्या साली परत पेर.

म्हंजे पोरगं आणखी एक साल राहणार. हे मनात आलं तवा तिला बरं वाटलं. हे तिनंच मला सांगितलं, शेंगा निवडताना, मान वर न करता. कारण कुठलं धसकट कशाचं, हे तिला पाठ होतं. ज्या बाईनं दोन वर्सं त्या ओळी खुरपल्या, तिला ताटन् ताट वळखू येतं. ती गप राहिली असती तर कुणाला कळणार होतं?

तीन दिवस ती गप राहिली. कैवल्य लिंबाखाली आलाच न्हाय. त्याचा वाटा तिनं तीनदा घरी परत नेला.

चौथ्या दिवशी ती त्याच्या खोलीम्होरं जाऊन उभी राहिली.

"वही घे. चल."

ती म्होरं, तो मागं. हे काणीचं. हे किड्याचं. ह्याच्या दोन फुटव्यांला काणी, तिसरा चांगला. दिवस कलला तवा वहीत काणीची चौऱ्याण्णव कणसं झाली. सर म्हणाले, बाईच्या आठवणीवर कसं धरू? तवा तिनं घरनं फडकं आणलं. शेगडीवर पाणी ठेवायचं तसंच राहून गेलं होतं. मोजली तर त्र्याण्णव, आन् एकाचा नुसता भुगा. सरांनी ते मानलं.

कैवल्य जूनमध्येच गेला. जाताना पाया पडाय वाकला, तर ती म्हणाली, गाडी चुकंल.

मग माहितीपुस्तक आलं. स्वच्छ हिरवी ज्वारी, मधी पुतळाबाई, खाली लिहिलंय ‘मातीशी जोडलेलं संशोधन’. नाव न्हाय. श्रावस्तीनं फोनवर विचारलं, मम्मी, तो विळा कशाला धरलास? ती म्हणाली, हातात होता.

औंदा नवी पोरगी आलीय, परंड्याकडची. पहिल्या दिवशी पुतळाबाईनं तिला नाव-गाव विचारायच्या आधी विचारलं, "तुझ्या रानात काय जपायचं आन् काय काढायचं, ते सांग."

पोरीनं सगळं समजावून सांगितलं, ताटांना चिठ्ठ्याबी बांधून दिल्या. हुशार हाय. पण दुपारी लिंबाखाली न थांबता ती गाडीवर तेरला जाऊन जेवती.