टॉफीच्या तोंडातली चप्पल

दापोऱ्याच्या मामीचं कौतुक करणं हे अवघड काम होतं. कौतुक तिच्या हाती लागलं की तांदूळ निवडावेत तसं ती ते निवडायला घ्यायची, आणि खडे बाजूला काढून उरलेलं परत द्यायची. "मामी, भाजी काय सुंदर झालीय," म्हटलं की म्हणायची, "बरी झाली. मीठ चिमूटभर जास्त पडलं." साडीला कोणी छान म्हटलं तर पदराजवळचा विणीतला दोष उलगडून दाखवायची. तिला ना विनय दाखवायचा असायचा, ना समोरच्याला खजील करायचं असायचं. वस्तू जेवढी आहे तेवढीच तिला हवी असायची. "जेवढं हाये तेवढंच सांग ना," हे तिचं रोजचं वाक्य होतं, आणि ते ऐकतच आम्ही भाचरं मोठी झालो.

मामा लवकर गेले. केळीची बाग मामीच्या अंगावर आली आणि तिने ती निभावली. व्यापारी घड बघायला आला की बाकीचे शेतकरी त्याला चांगल्या ओळीतून फिरवत. मामी आधी कोपऱ्यातल्या कमजोर झाडांपाशी न्यायची. "हे पाहून घे. बाकीचं याच्यापेक्षा बरंच हाये." व्यापारी हसायचे, पण तिच्या बागेचा सौदा ठरायला फार वेळ लागत नसे. मी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाले तेव्हा पाहुण्यांसमोर आई माझ्या हुशारीचं वर्णन करत होती. मामी मध्येच म्हणाली, "हुशार म्हनू नका तिले. मेहनती हाये पोरगी. हुशार पोरं वेगळी असतात." त्या दिवशी मला राग आला होता. पुढे मी बऱ्हाणपूरच्या कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा कळलं, की माझ्याविषयी कोणी बोललेलं ते सगळ्यात खरं वाक्य होतं. आजही अडलेल्या कामाला बसताना मला त्याच वाक्याचा आधार असतो.

या स्वभावाची किंमतही तिने मोजली. शेजारच्या मळ्यातली कमल तिची जीवाभावाची मैत्रीण होती. वयाने लहान, मामीला अक्का म्हणायची. दोघी एकमेकींच्या चुलीवरचं खायच्या. कमलच्या मुलाचं लग्न जवळपास ठरलं होतं. मुलीचे वडील नेपानगरहून आले आणि जाता जाता मामीकडे चौकशीला थांबले. मुलगा कसा आहे, त्यांनी विचारलं. मामी म्हणाली, "मनाचा चांगला हाये. कामालेही वाघ हाये. पन पितो." लग्न मोडलं. कमल दारात येऊन म्हणाली, "तू गप बसली असती तरी चाललं असतं, अक्का." मामी म्हणाली, "त्यानं विचारलं. पोरीचा बाप होता तो." त्या दिवसानंतर कमल तिच्याशी बोलली नाही. दोन मळ्यांमध्ये काटेरी कुंपण होतं आणि एक लोखंडी फाटक होतं. ते फाटक त्यानंतर कोणी उघडलं नाही. मामी या गोष्टीवर कधी बोलायची नाही. पण वाटाण्याच्या शेंगा सोलायला बसली की त्यानंतरही सवयीने दोन पाट मांडायची आणि मग एक उचलून ठेवायची.

टॉफी आला तो अशा दिवसांत. मामीची मुलगी वर्षा इंदूरला असते. तिने फ्लॅटमध्ये गोल्डन रिट्रीव्हर पाळला, आणि मग दोघा नवराबायकोच्या नोकऱ्यांपुढे त्याचं करणं जमेना. एके दिवशी गाडीत घालून तिने तो दापोऱ्याला आणला. सोनेरी झुपकेदार शेपूट, मोठाले डोळे, आणि राखणीच्या नावाने शून्य. आमच्याकडच्या उन्हात तो ठिबक सिंचनाच्या नळीशेजारी ओल्या मातीत पोट टेकून पडायचा. गावातली माणसं विचारायची, "हा भुंकतो तरी का?" मामी सांगायची, "नाई. चोर आला तर त्याले चप्पल आनून देईल."

कारण ती त्याची खासियत होती. फाटकाचा आवाज झाला की टॉफी आधी गोल गोल फिरायचा, काहीतरी शोधायचा, आणि ते तोंडात धरून पाहुण्याकडे पळत यायचा. चप्पल, झाडू, वाळत घातलेला टॉवेल, जे जवळ असेल ते. रिकाम्या तोंडाने तो कोणाला भेटत नसे. एकदा माझ्यासाठी त्याने पिकलेलं केळं आणलं. मी ते हातात घेऊन पाहिलं तर सालीवर दाताची खूणसुद्धा नव्हती.

बघणारे हरखून जायचे. "पाहुण्याला भेट आणतो," असं सगळे म्हणायचे. मामीला ते पटेना. "भेट असती तर दिली असती. हा देतो कुठं? हात लावला की मान फिरवतो. तुझं केळं खाली पडलं म्हनून तुले भेटलं." तिने मला बऱ्हाणपूरच्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारायला लावलं. डॉक्टरांनी सांगितलं, की ही जात शिकाऱ्यांनी तयार केली. पाडलेला पक्षी न चावता, न चुरगाळता उचलून मालकाकडे आणायचा, हे त्यांचं काम. पिढ्यान् पिढ्या त्यासाठीच निवडलेली जनावरं. आता शिकार राहिली नाही, पण तोंडात काहीतरी धरलं की त्यांना बरं वाटतं. आनंदाने अंगात उसळी आली की ते काहीतरी उचलतात, त्याने जरा शांत होतात, अंगावर उड्या मारत नाहीत. शिवाय असं केलं की माणसं लाड करतात, हेही ते शिकतात.

मी हे सगळं मामीला सांगितलं. ती नीट ऐकून म्हणाली, "हां, हे खरं वाटते. आनंद झाला की त्याले तो कुठं ठेवावा कळत नाई. मंग चप्पल धरतो." आणि त्यानंतर कोणी भेट म्हटलं की मामी त्याला थांबवून हे सगळं समजावून सांगायची. तिला त्या कुत्र्याचा अभिमान फार होता. पण जेवढा होता तेवढ्याचाच.

दोन-तीन वर्षांनी, हिवाळ्यातल्या एका सकाळी मामी ठिबकची नळी बघायला बागेत गेली. कापून टाकलेल्या ओल्या खोडावरून पाय सरकला आणि ती आडवी पडली. मांडीचं हाड मोडलं. मोबाईल घरात राहिला होता. केळीची बाग एवढी दाट, की तिथून मारलेली हाक चार ओळींपलीकडे जात नाही. ती हाका मारून थकली. टॉफी तिच्या शेजारी अंग टेकून बसून होता.

इकडे कमलचं वासरू दावं तोडून पळालं होतं. ते शोधत ती कुंपणापाशी आली. वासरू मामीच्या मळ्यात शिरलं असावं असं तिला वाटलं. बराच वेळ ती तशीच उभी राहिली, असं तिनेच मला पुढे सांगितलं. मग तिने ते गंजलेलं फाटक ढकललं.

फाटक करकरलं आणि टॉफीने कान टवकारले. मामीच्या पायातून निसटलेली चप्पल चिखलात पडली होती. ती त्याने उचलली आणि तो मामीला तिथेच टाकून पळत सुटला. कमलपाशी येऊन शेपटी हलवत तिच्याभोवती फिरू लागला. कमलने चप्पल पाहिली. जाड टाचेची, अंगठा लाल दोऱ्याने शिवलेला. तो अंगठा पूर्वी कधीतरी कमलनेच शिवून दिला होता. चप्पल ओल्या चिखलाने भरलेली होती. समोर घराचं दार उघडं दिसत होतं, आत कोणी नाही. मामी बागेत कधी अनवाणी फिरत नसे, हे तिला माहीत होतं.

"अक्का," तिने हाक मारली. इतक्या वर्षांनंतरची पहिली. मग टॉफीच्या पायांचे ठसे बघत ती बागेत शिरली.

मामी तिला दिसली तेव्हा वेदनेने तिचा चेहरा पांढरा पडला होता. कमल गुडघ्यांवर बसली. मामी म्हणाली, "कमल, पाय मोडला. तुझं वासरू नाल्याकडे गेलं. इकडून गेलं ते पाहिलं मी."

"मरू दे वासरू," कमल म्हणाली आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन रडायला लागली. मग तिने मुलाला फोन केला. तोच, ज्याचं लग्न मोडलं होतं. त्याने मामीला उचलून गाडीत घातलं आणि बऱ्हाणपूरला दवाखान्यात आणलं.

ऑपरेशन झालं. गोष्ट गावात पसरली आणि दवाखान्यात माईक घेऊन एक तरुण आला, कुठल्याशा मोबाईल चॅनलचा. मी आणि कमल खाटेशेजारी होतो. कमलच्या हातात डबा होता.

"माताजी, बताइए, टॉफी ने आपकी जान कैसे बचाई?"

"उसने नहीं बचाई," मामी म्हणाली.

तो गोंधळला. "पर आपकी चप्पल लेके मदद माँगने गया ना?"

"मदद माँगने नहीं गया. मेहमान आया, मिलने गया. मुँह में कुछ पकड़ना उसकी आदत है. चप्पल पास में थी. झाड़ू होता तो झाड़ू ले जाता."

"माताजी, ऐसे में स्टोरी नहीं बनेगी."

"तो मत बनाओ. बचाया इसने." मामीने कमलकडे हात केला. "नाम लिखो, कमल. मेरे से बोलती नहीं थी. मैंने इसके बेटे की बात सच-सच बोल दी थी, उसका रिश्ता टूटा था. फिर भी ये फाटक खोलके आई. ये लिखो, लिखना है तो."

कमलने डबा खाली ठेवला आणि तोंडाला पदर लावला.

त्या तरुणाने जे करायचं तेच केलं. रडकं संगीत लावून वफादार कुत्र्याचा व्हिडिओ टाकला. तो सगळ्या बऱ्हाणपुरात फिरला. माझ्या कॉलेजातही प्राध्यापक मोबाईल पुढे करून म्हणाले, "मॅडम, तुमच्या मामीचा कुत्रा ना हा?" मी म्हटलं, "हो. पण बघण्यासारखी मामी आहे." आणि मग स्टाफरूममध्ये पंख्याखाली बसून त्यांना सगळी गोष्ट सांगितली, जेवढी होती तेवढी. आयुष्यात इतक्या ताठ मानेने मी क्वचितच काही सांगितलं असेल. प्रसिद्धी दारात चालून आलेली, आणि ती आपली नाही म्हणून शेजारणीकडे वळवणारी बाई माझ्या आईच्या भावाची बायको होती.

मामी पुन्हा चालायला लागली, आधी वॉकर धरून, मग काठीने. कमल रोज फाटकातून यायची. दोघी बागेच्या बांधावर बसायच्या. मामीच्या चालण्याचं कोणी कौतुक केलं तर ती सांगायची, "डावीकडे लचकते अजून."

मागच्या उन्हाळ्यात चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि मामी गेली. वर्षाने बाग कमलच्या मुलाला कसायला दिली. त्याची दारू सुटलीय आता, त्यालाही वेळ लागला. टॉफीला कमलने ठेवून घेतलं. वर्षाने मला विचारलं होतं, की आईची आठवण काढतो का तो. मी म्हटलं, मला माहीत नाही. थोडे दिवस कमी खात होता.

परवा मी दापोऱ्याला गेले. कमलने ओट्यावर चहा आणला. मग म्हणाली, "ती नेपानगरची पोरगी सुखात हाये म्हने. तिची माय बाजारात भेटली मले." बशीत चहा ओतत पुढे म्हणाली, "अक्कानं त्या गोष्टीची माफी कधी मागतली नाई. मीबी तिले म्हटलं नाई, की तुझं बरोबर होतं."

चहा संपवून तिने कपबश्या गोळा केल्या आणि उठता उठता म्हणाली, "आता सगळे माह्याशी गोड बोलतात. खरं सांगनारं कोनी राह्यलं नाई."