मंगळवारचं पाणी

परसूअण्णा बाटली भरण्याआधी पाण्याचा वास घेत. केलगेरीच्या तळ्याच्या एका ठरलेल्या पायरीवर उकिडवे बसत, ओंजळ नाकाजवळ नेत आणि प्रयोगशाळेतलं यंत्र काय आकडा दाखवणार ते आधीच सांगून टाकत. बरेचदा बरोबर निघे. नाही निघालं तर म्हणत, “इर्ली बिडरी सर. असू दे. यंत्राला पण कधी सर्दी होत असंल.”

धारवाडच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो. अण्णा आमच्या विभागात अटेंडर होते. अळणावरजवळच्या खेड्यातले, घरी मराठी, बाहेर कन्नड, आणि माझ्याशी दोन्ही. मला बढतीसाठी परिषदेत छापलेले पेपर हवे होते आणि तळ्याच्या पाण्यावर काम करायचं असं मी ठरवलं होतं. म्हणजे मी ठरवलं आणि दर मंगळवारी सकाळी सायकलला बाटल्यांचा खोका बांधून अण्णा गेले. दोन वर्षं. बाटली तळ्याच्याच पाण्यानं तीनदा विसळायची हे मी एकदा सांगितलं होतं. त्या तीनदाचं त्यांनी कधी दोनदा केलं नाही.

आकडे ते एका लांबट वहीत कन्नड अक्षरांत तारीख घालून लिहीत. एकदा बाटली वाटेत फुटली. मी म्हटलं, आजचंच पाणी समजून उद्या आणा, काय फरक पडतो. ते म्हणाले, “पाणी रोज नवं असतंय सर. खाडा म्हंजे खाडा.” आणि उद्याच्या पाण्याला त्यांनी उद्याचीच तारीख घातली.

दुसऱ्या वर्षी एका मंगळवारी पहाटे त्यांची बायको गेली. गावाकडेच दहन होतं. निरोप मला सकाळी मिळाला. अळणावरची बस होती, जाता आलं असतं. मी विभागात बसून दुसऱ्या एका पेपरचे संदर्भ टेम्प्लेटप्रमाणे लावत राहिलो. तिसऱ्या दिवशी जाऊन भेटून आलो. वहीत त्या मंगळवारची ओळ कोरी राहिली.

पेपर स्वीकारला गेला तेव्हा परीक्षकाचा शेरा आला: दुसऱ्या तक्त्यात एक नोंद नाही, पूर्ण करा किंवा कारण द्या. अंतिम प्रत पाठवायला तीन दिवस होते. पानांची मर्यादा सहा, आणि माझं सहावं पान शेवटच्या ओळीपर्यंत भरलेलं. खाली एक तळटीप घातली की संदर्भांतली दोन नावं सातव्या पानावर जात होती. अक्षर बारीक केलं की परिषदेची संगणक प्रणाली फाईल परत पाठवत होती. दोन दिवस मी त्या एका ओळीशी झगडलो. शेवटी आधीचा आणि नंतरचा आकडा घेऊन मधला घातला. पेपर गेला. छापला गेला.

आभारात अण्णांचं नाव होतं, ते दाखवायला मी परिषदेचं छापील पुस्तक घेऊन प्रयोगशाळेत गेलो. त्यांनी नाव बघितलं, मग पानं उलटून तक्त्यावर आले. इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे त्यांचेच होते. बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं.

“ह्या मंगळवारी मी नव्हतो, सर.”

बोट तिथंच ठेवून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“तुम्ही गेला होता तळ्यावर?”

“हो.”

त्यांनी तक्त्यावरचं बोट उचललं. “म्हणून तुम्ही मातीला आला नाहीत. मी मनात येगळंच धरलं होतं बघा.” मग त्यांनी कपाटातून वही काढली, कोऱ्या ओळीत तो आकडा लिहिला आणि पुढे कन्नडमध्ये माझं नाव.

पुढे मला बढती मिळाली. अण्णा निवृत्त झाले, तेव्हा निरोपाला त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते एवढंच बोलले, की माझी बायको गेली त्या दिवशी सर माझ्या जागी तळ्यावर गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून बसलो. लोकांना तो विनय वाटला.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. मुलगी, कस्तुरी, शेतात होती. अण्णा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते.

“अण्णा, त्या मंगळवारी मी तळ्यावर गेलो नव्हतो.”

“मग आकडा?”

“अंदाजानं घातला.”

“कशाला?”

“रकाना रिकामा दिसत होता.”

त्यांनी आणखी दोन-चार शेंगा फोडल्या. “रिकामाच होता की सर तो.” मग म्हणाले, “आणि मातीला?”

“कॉलेजात होतो. पेपरचं काम होतं.”

“पेपरचं,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. उठून त्यांनी स्वतःच चहा टाकला. मी निघताना म्हणाले, “वही तुमच्याकडं हाय न्हवं? तेवढी ओळ खोडा.”

“आणि पुस्तकातलं?”

“ते मला कुठं वाचता येतंय, सर.”

वहीतली ओळ मी खोडली. परिषदेच्या संपादकांना पत्र लिहायला घेतलं, ते अजून अर्धंच आहे. अण्णा पुन्हा धारवाडला आले नाहीत, मीही त्यांच्या गावी गेलो नाही.

गेल्या वर्षी ते वारले. या वेळी मी पहिल्या बसनं गेलो. अंगणात माणसं दाटली होती, मी कडेला उभा राहिलो. कस्तुरीनं मला ओळखलं. रडून तिचा आवाज बसला होता. शेजारच्या म्हाताऱ्या मामांना ती म्हणाली, “हे आप्पांचे सर. आई गेली तेव्हा आप्पांच्या जागी हेच तळ्यावर गेले होते. परवा परवापर्यंत आप्पा सांगायचे.”

मामांनी मला हात जोडले. मग पुढच्या माणसांना त्यांनी हातानं बाजूला केलं, आणि अण्णांच्या उशापर्यंत मला वाट करून दिली. मी गेलो.