जावयाच्या सुट्टीविरुद्ध मी केलेलं भाषण

केजला माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे, पण गावात मला दुकानदार म्हणून कुणी ओळखत नाही. गावात मी माईकवाला. लग्न, जयंती, सत्कार, कुणाच्या बोअरला पाणी लागल्याची पूजा, काहीही असो, सूत्रसंचालन माझ्याकडे. एकदा तर दहाव्याच्या कार्यक्रमात मी सवयीनं जोरदार टाळ्या मागितल्या. लोक इतके तयार झालेले, की त्यांनी वाजवल्याही.

त्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली, तेव्हा आमच्या घरात पत्रिका वाटून झाल्या होत्या. लेकीचं लग्न. जावई फौजेत, वडवणीकडच्या गावचे. त्यांची सुट्टी मंजूर झाली होती, ती लढाईपायी रद्द झाली. हा मुहूर्त हुकला तर पुढचा थेट तुळशीच्या लग्नानंतर. आचारी सांगून ठेवलेला, मंडप सांगून ठेवलेला, आणि नवरदेव कुठल्या डोंगरात आहेत ते त्यांच्या आईलाही ठाऊक नाही. आमची मंडळी, म्हणजे लेकीची आई, देवापुढं बसून एकच मागणं मागत होती: मिटू दे बाबा एकदाचं.

आणि मी? मी पारावर होतो.

गावातल्या पोरांनी संध्याकाळी देशभक्तीची सभा ठेवली. कर्णा लागला, तिरंगा लागला, माईक माझ्या हातात आला. खाली लोकांत चर्चा चालली होती, की लढाई आता थांबवतात का शेवटपर्यंत नेतात. एसटीतून रिटायर झालेले आमचे एक कंडक्टर उभे राहिले आणि साधेपणानं म्हणाले, "अण्णा, दणका तर दिलाय. आता थांबलेलं बरं. दोन्हीकडं लेकरंच मरत्यात."

पोरं ओरडली, "खाली बसा! तिकडंच जा राहायला!"

इथं कुठल्याही शहाण्या माणसानं पोरांना आवरलं असतं. मी सूत्रसंचालक. मला गर्दीचा आवाज चढला की पुढचं वाक्य आपोआप सुचतं. मी म्हणालो, "ज्याला माघार पाहिजे त्यानं बांगड्या भराव्यात!" टाळ्या. टाळ्या वाजल्यावर मी स्वतःच्या ताब्यात राहत नाही. "आमचे जावई सीमेवर आहेत! आम्हाला त्यांची सुट्टी नको! लग्न वर्षभर लांबलं तरी चालेल! माझी लेक जन्मभर वाट बघील, पण एक इंच माघार नको!"

पार दणाणला. कुणीतरी मला उचललंही, पण माझं वजन बघून लगेच खाली ठेवलं.

मी घरी पोचायच्या आत माझं भाषण घरी पोचलं होतं. पोरांनी व्हिडिओ काढून, खाली तुतारीचं संगीत लावून, स्टेटसला टाकला होता. आमची मंडळी भाकरी थापत होती. तिनं पुढची भाकर इतक्या जोरात थापली की परात सरकली.

लेक अंबाजोगाईला नर्सिंग शिकते, तेव्हा लग्नासाठी घरी आली होती. ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, जन्मभर म्हंजी साधारण किती?"

"अगं, ते बोलायची पद्धत असती."

"मंग तुमच्या जन्माचं बोलायचं न्हाई का?"

सकाळी मध्यस्थांचा फोन. ही सोयरीक त्यांनीच जुळवलेली. रामराम नाही, श्यामराम नाही.

"अण्णा, लग्न मोडायचं हाय तर सरळ सांगा ना. देशाला कावून मधी घेता?"

मी हबकलोच. पण त्यांचंही चूक नव्हतं. आमच्याकडं ठरलेली सोयरीक तोंडावर कुणी मोडत नाही. मोडायची असली की कुणाची आजी अत्यवस्थ होते, कुणाला अचानक पत्रिकेतला मंगळ दिसतो, कुणाची पोरगी एकाएकी पुढं शिकायचं म्हणते. समोरच्यानं काय ते ओळखायचं असतं. वडवणीच्या लोकांनी माझं भाषण ऐकलं आणि रिवाजाप्रमाणं अर्थ काढला: पाव्हण्यांना लग्न नको आहे. सुट्टी नको, लग्न लांबलं तरी चालेल, एवढं कर्ण्यावरून सांगितल्यावर आणखी काय सांगायचं राहतं! माणसं आजीच्या नावानं लग्न मोडतात, मी अख्ख्या लष्कराच्या नावानं मोडलं होतं.

"आजच्या आज जा," मध्यस्थ म्हणाले. "त्यांच्याकडं दुसरं स्थळ यायलंय."

मंडळीला घेऊन निघालो. जीपमध्ये शेजारच्यानं माझ्याकडं बघितलं, मोबाइलकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं.

"तुमीच का ते, जन्मभरवाले?"

मंडळीनं पदर तोंडाला लावला. रडत होती का हसत होती ते मी विचारलं नाही.

व्याह्यांनी दारातच हात धरला आणि इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "भाषण लई भारी झालं बरं का. माझं बी मत तेच हाय. पण आत बोलू नका."

आत विहीणबाई बसल्या होत्या. मोबाइल मांडीवर. त्यांनी पाणी दिलं, पण चहाचं नाव काढलं नाही. आमच्याकडं चहा न विचारणं म्हणजे शस्त्रं बाहेर काढणं.

मी सुरुवात केली, "विहीणबाई, देशाचा प्रश्न होता, त्यामुळं—"

"देश मला सांगू नका," त्या म्हणाल्या. "पोरगं भरती झालं तवा मी गावभर पेढे वाटले. रडले न्हाई. आज बी त्याला पळून ये म्हणत न्हाई. सुट्टी सरकारनं रद्द केली, त्याचं बी मला काई न्हाई. पण तुमी कोन हो त्याची सुट्टी नको म्हणणारे? तुमी तिथं हाय का? चार दिस झाले त्याचा फोन न्हाई. फोन वाजला म्हणून उचलला, तर तुमचं तोंड दिसलं."

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढं धरले.

"आन बांगड्या भरा म्हणला ना? ह्या बघा. भरल्यात. म्हणून मीच म्हणते, थांबवा. मी बी गद्दार का?"

व्याही म्हणाले, "आगं, पाव्हण्यांचं तसं न्हवतं—"

"तुमी गप बसा. तुमी त्यो व्हिडिओ तीनदा बघितला."

शेवटी तह झाला. अट एकच: जिथं बोललो तिथंच, त्याच लोकांपुढं उभं राहून मी 'थांबवा' म्हणायचं, आणि व्हिडिओ वडवणीला धाडायचा. नाहीतर सोयरीक संपली. आमच्या मंडळीनं माझ्या वतीनं तत्काळ मान्य केलं. मग चहा आला.

संध्याकाळी पारावर परत कर्णा लागला. पोरांना वाटलं, अण्णांचं दुसरं भाषण म्हणजे आदल्या दिवसापेक्षा जोरात. मी माईक हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो जड लागला. ज्या कंडक्टरांना आम्ही खाली बसवलं होतं ते समोरच, हाताची घडी घालून.

"बंधूंनो, आपलं सैन्य शूर आहे," मी म्हणालो. टाळ्या. "शत्रू घाबरलेला आहे." टाळ्या. "तथापि..."

तथापि म्हटल्यावर टाळ्या थांबल्या. गाव अडाणी असलं तरी तथापिनंतर काय येतं ते त्याला कळतं.

बायांच्या घोळक्यातून आमच्या मंडळीचा आवाज आला, "मुद्द्यावर या!" मोबाइल तिनंच धरला होता.

मी डोळे मिटले. "तथापि, आता थांबवावं. लेकरं घरी येऊ द्यावीत. मला माझा जावई पाहिजे. आणि हे कंडक्टरसाहेब बोलले त्यात काहीही देशद्रोह नव्हता."

एकही टाळी वाजली नाही. मागून एक जण म्हणाला, "अण्णा, तब्येत बरी हाय ना?" दुसरा म्हणाला, "काल ज्यानं बांगड्या वाटल्या त्यानंच घातल्या का?" आता गर्दी उठणार, तेवढ्यात एकेकाच्या खिशातला मोबाइल वाजायला लागला. बातमी आली होती. शस्त्रसंधी.

"थांबवलं!"

"कोन थांबवलं बे?"

सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं.

दिल्लीत काय घडलं, कुणी कुणाला फोन केला, ते मला आजही माहीत नाही. आमच्या गावापुरतं युद्ध मी थांबवलं. पोरं चार-आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीत. दुकानात गिऱ्हाईक यायचं ते विचारायचं, "युरिया हाय का, का त्यो बी मागं घेतला?" एकटे कंडक्टर रोज येऊन बसायचे. मी त्यांच्या पक्षात आलो असं त्यांनी धरलं होतं, आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती.

मग जावयांचा फोन आला. आवाज खरवडलेला. "मामा, सुट्टी मिळाली. मुहूर्तापत्तूर पोचतो."

मला राहवलं नाही. "पाव्हणं, एक सांगा. थांबवलं ते बरं झालं का वाईट?"

तिकडून एक लांबलचक जांभई ऐकू आली. मग म्हणाले, "मामा, मंडपात कूलर हाय का?"

लग्नाच्या दिवशी ते पहाटे पोचले आणि तसेच हळदीला बसले. दुपारी मंडपात दोन्ही गावं जमली आणि पंगतीतच वाद पेटला: थांबवायला नको होतं, थांबवलं तेच बरं. आमची पोरं एका बाजूला, वडवणीच्या बाया दुसऱ्या बाजूला, व्याही दोन्हीकडून. सवयीप्रमाणं माईक माझ्या हातात आला. मंगलाष्टकांआधी दोन शब्द बोलायचे होते. जय जवान ओठांवर आलंच होतं, तेवढ्यात स्टेजवर बघितलं. मुंडावळ्या बांधलेले जावई खुर्चीत झोपले होते. मान एका खांद्यावर, तोंड उघडं, कूलरचं वारं फेट्याच्या तुऱ्याला हलवत होतं. विहीणबाई शेजारी उभ्या राहून त्यांच्या तोंडावरच्या माशा पदरानं वारत होत्या.

"उठवू का?" मी लेकीला विचारलं.

"राहू द्या, पप्पा," ती म्हणाली. "मुहूर्त थोडा हुकला तर हुकू द्या."

मी माईक बंद केला, बँडवाल्याला हातानं थांब म्हणालो, आणि पंगतीकडं जाऊन तोंडावर बोट ठेवलं. सगळा मंडप गप्प झाला. वाद काही थांबला नाही. तो सगळ्यांनी कुजबुजत चालू ठेवला.